मडगावचा रस ऑम्लेटचा गाडा: चार स्टार, पाचवा शेवटच्या सहा मिनिटांत गेला

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू शांत डोक्याने लिहिलेला नाही. बुधवारी म्हणजे २४ एप्रिल २०२४ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आयएसएल फुटबॉलच्या गोवा-मुंबई सेमीफायनलचा पहिला लेग (दोन मॅच असतात, दोन्हीचे गोल मिळून निकाल) बघायला सावंतवाडीहून गेलो होतो, मी आणि आतेभाऊ, आणि फोंड्याचा मेव्हणा तिकडेच येऊन भेटला. आमच्या गोव्याच्या बोरिसने १६ व्या मिनिटाला पहिला मारला, सेकंड हाफमध्ये ब्रँडनने दुसरा, घड्याळात नव्वद होत आले तरी २-०, पुढच्या रांगेतला एक जण ट्रॅफिक लागायच्या आधी निघू म्हणून बायकोला फोन करून गाडीची चावी हातात घेऊन उभा. मग मुंबईचा छांगते. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप. आणि ९६ व्या मिनिटाला परत छांगते. २-३. ज्यांना फुटबॉलमधलं कळत नाही त्यांना सांगायचं तर मंगलाष्टका संपत आल्यात, शेवटचं सावधान तेवढं बाकी आहे, हातातल्या अक्षता उडायच्या बेतात आहेत आणि नवरा उठून शेजारच्या मांडवात जाऊन बसला.

अशा रात्री जेवण जात नाही म्हणतात ते साफ खोटं आहे. भयंकर भूक लागते.

तर गाडा. नाव नाही, बोर्ड नाही, स्टेडियमकडून मडगावात शिरताना रस्त्याच्या कडेला एक ट्यूबलाइट, खाली मोठा तवा, बाजूला झाकण ठेवलेलं एक टोप आणि अंड्यांचे ट्रे एकावर एक. अचूक पत्ता मुद्दाम देत नाही कारण आधीच मॅचच्या दिवशी उभं राहायला जागा नसते, आणि ज्याला हवाय त्याला वासावरून सापडतो. संध्याकाळी सातच्या पुढे लागतो, रस संपला की बंद. बसायला चार प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत पण त्या कायम कुणीतरी पकडलेल्याच असतात, आपण आपली स्कूटर बघायची आणि तिच्या सीटवर प्लेट ठेवायची.

गोव्याबाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगतो कारण मागे एकदा पुण्याच्या मित्राला रस ऑम्लेट म्हटलं तर त्याला वाटलं एप्रिल महिना आहे म्हणून आमरस. नाही बाबा. रस म्हणजे शागुतीचा रस. भाजलेलं खोबरं, धणे, सुक्या मिरच्या, खसखस, दालचिनी, चक्रीफूल, जायफळ असं सगळं वाटून चिकनमध्ये शिजवलेलं, आणि त्यातलं चिकन तुम्हाला मिळत नाही, मिळतो फक्त रस. कांदा मिरची कोथिंबीर घातलेलं ऑम्लेट तव्यावरून थेट प्लेटमध्ये, त्यावर हा रस दोन पळ्या, वरून कच्चा कांदा, लिंबाची फोड, आणि बाजूला पाव. नशीब चांगलं असेल तर रसात चिकनचा एखादा चुकार तुकडा सापडतो, माझ्या प्लेटमध्ये त्या रात्री एक आला होता, त्या दिवसातलं आमच्या बाजूने झालेलं शेवटचं काम ते.

ह्या गाड्याचं खरं वैशिष्ट्य म्हणजे खोबरं. बऱ्याच ठिकाणी रस पातळ करत नेतात, रात्री अकरापर्यंत नुसतं लाल पाणी उरतं आणि वर तेलाचा तवंग. इथे खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजलेलं कळतं, जिभेला किंचित कडवट लागतं आणि मग मागून तिखट येतं, घाईघाईने नाही, आरामात, तुम्ही दुसरा घास तोडताना. ऑम्लेट पण कडक करत नाही, मध्ये थोडं ओलं ठेवतो म्हणजे रस आत शिरतो. मी सावंतवाडीत मालवणी मसाल्यावर वाढलेला माणूस, आमच्या आईचा वाटपाचा हात ज्यांनी खाल्लाय त्यांना सहसा बाहेरचं काही पटत नाही, तरी सांगतो, हा रस पावाला लावून शेवटी प्लेट बोटाने पुसावी असा आहे. घरी हे सांगू नका.

पण त्या रात्री गाड्यावर ऑम्लेटपेक्षा जास्त काही शिजत असेल तर ते सोमवारच्या सेकंड लेगचं गणित. म्हणजे बघा, वीसेक माणसं उभी, निम्म्यांच्या अंगात केशरी जर्सी, कुणी कुणाला ओळखत नाही, आणि सगळे एकाच घरातलं मयत असल्यासारखे एकमेकांशी बोलतायत.

सुरुवात आमच्या मेव्हण्याने केली. हा माणूस कायम आशावादी, ह्याने शेअरमध्ये पैसे घालवले तेव्हा पण हसत होता. म्हणे एक गोल म्हणजे काय रे, अवे गोलचा (बरोबरी झाली तर परक्या मैदानावरचे गोल जास्त धरायचा) नियम पण नाही, सोमवारी २९ ला अंधेरीत एकाने जिंकलो की एक्स्ट्रा टाइम, दोनाने जिंकलो की थेट फायनल. आतेभाऊ तोवर एक शब्द बोलला नव्हता, त्याने पाव तोडता तोडता विचारलं, "दोनान पुढेच हुतो मरे आता तासाभरापूर्वी, तेचा काय झाला?" यावर उत्तर नव्हतं. मेव्हण्याने लिंबू पिळून घेतलं.

मग एक कॉलेजचा पोरगा, मोबाईलवर आकडेच घेऊन बसलेला, त्याने विषय काढला २०१९ चा. तेव्हा पण सेमीफायनल, समोर मुंबईच, ग्राउंड पण हेच अंधेरीचं, आणि आपण पहिल्या लेगमध्ये त्यांना ५-१ हाणले होते. परत फातोर्ड्याला ०-१ हरलो तरी काही बिघडलं नाही, फायनलला गेलोच. तर त्या ग्राउंडची भीती आपण का धरायची? मला हा मुद्दा पटला, खरंच पटला, दोन मिनिटं छाती पण जरा फुगली. पण बाजूला कदंबाचा एक कंडक्टर उभा होता, ड्युटी संपवून आलेला, खाकी शर्टाची बटणं उघडी, तो म्हणाला तेव्हा कोरो होता, कोच लोबेरा होता, फॉल होता, आता कोण आहे सांग. आणि ती फायनल पण त्याच अंधेरीत झाली आणि ११७ व्या मिनिटाला बंगळुरूच्या भेकेने हेडर मारून कप नेला, ते का विसरतोस? पोरगा तेव्हा सातवी-आठवीत असणार, तो गप्प.

लोबेराचं नाव निघालं की गोव्याच्या फॅनला गप्प बसवत नाही, मला पण नाही बसवत. २०२० च्या जानेवारीअखेर सीझन चालू असताना त्याला काढला, शील्ड (म्हणजे लीगमध्ये पहिलं आल्याची ट्रॉफी) आपण तरी जिंकलो ते वेगळं, पण तो गेला मुंबईला आणि २०२०-२१ ला शील्ड आणि कप दोन्ही उचलून बसला, आणि त्या कपच्या वाटेवर सेमीफायनलला पेनल्टीवर ६-५ ने हरवलं कुणाला तर आपल्याला. २०२३-२४ ला तोच ओडिशाचा कोच होता आणि मंगळवारी दुसऱ्या सेमीफायनलमध्ये भुवनेश्वरला त्याने मोहन बागानला २-१ हरवलं होतं. म्हणजे समजा आपण सोमवारी कसंबसं निभावलं तरी फायनलला समोर लोबेराच असायची शक्यता. कंडक्टर म्हणाला काढलेला जावई श्राद्धाला येतो तसा आहे हा.

ह्या सगळ्यात गाड्यावरचा काका काही बोलत नव्हता. अंडी फोडतोय, कांदा टाकतोय, उलथतोय. साठीच्या पुढचा माणूस, खांद्यावर टॉवेल. कुणीतरी म्हणालं असं कधी बघितलं नव्हतं बाबा, नव्वदाव्या मिनिटापर्यंत जिंकलेली मॅच घरच्या ग्राउंडवर अशी घालवली. तर काकाने तव्यावरून मान वर न करता फक्त एवढंच म्हटलं, "पंधरा." आणि सगळा गाडा एकदम शांत झाला.

२०१५. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २० डिसेंबर २०१५, हेच फातोर्डा, फायनल, समोर चेन्नईयिन. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने २-१ केलं तेव्हा लोक एकमेकांच्या अंगावर चढले होते, मी पण तिथे होतो, एका अनोळखी माणसाने माझा गालगुच्चा घेतला होता. मग नव्वदीत बॉल आपल्याच गोलकीपर कट्टीमनीकडून आपल्याच जाळ्यात, आणि दोन मिनिटांनी मेंडोझाने तिसरा. २-३. म्हणजे आठ वर्षांनी स्कोअर सुद्धा बदलला नाही हो. एवढ्या वर्षांत झुआरीवर नवा पूल झाला, पण नव्वद मिनिटांनंतर बॉल लांब मारून टाकायचा हे आम्हाला अजून जमत नाही.

सेकंड लेगसाठी आशेचा धागा म्हणून लोक काय काय पकडून होते ते ऐकण्यासारखं होतं. एक म्हणाला आपला कोच मॅनोलो आहे ना, हैदराबादला त्याने २०२१-२२ चा कप जिंकून दिलाय, त्याला असल्या मॅच कशा काढायच्या ते माहीत आहे. दुसरा म्हणाला झिंगन असता तर शेवटच्या सहा मिनिटांत त्याने नुसतं ओरडून डिफेन्स जाग्यावर ठेवला असता, पण जानेवारीत एशियन कपला दुखापत झाली तेव्हापासून तो बाहेरच. तिसऱ्याचं म्हणणं की मुंबईवाले सध्या चिडलेले आहेत, १५ तारखेला कोलकात्यात मोहन बागानकडून १-२ हरून त्यांची शील्ड हातातोंडाशी आलेली गेली, तो राग ते आपल्यावर काढतायत, राग काय दोन मॅच टिकत नाही. हे मानसशास्त्र कितपत खरं मला माहीत नाही पण त्या वेळी ऐकायला बरं वाटलं. आणि एक साष्टीतले म्हातारे अंकल होते, जन्मभर बोटीवर नोकरी केलेले, ते धेंपो आणि साळगावकर या गोव्याच्या जुन्या क्लबांच्या जमान्यात शिरले, धेंपोने पाच वेळा देशाची लीग कशी आणली ते सांगायला लागले, आणि खरं सांगू, ते ऐकताना पहिल्यांदा वाटलं की आपण हरलेलो नाही, आपण फक्त सध्या हरतोय.

आता माझं मत, गाड्यावर कुणी विचारलं नाही म्हणून इथे देतो. तीस-सत्तर. तीस आपले. एक गोलाची पिछाडी म्हणजे डोंगर नाही, पण अंधेरीत आपल्याला लवकर गोल मिळाला पाहिजे, पहिल्या अर्ध्या तासात, म्हणजे परवाची भीती त्यांच्या बाजूला जाईल. साठ मिनिटं जर ०-० राहिलं तर आपल्याला वर चढून खेळावं लागणार आणि मागे मोकळी जागा दिसली की छांगते कसा पळतो ते बुधवारी दोनदा बघितलंय, तिसऱ्यांदा बघायची हौस नाही. आणि परवाच्या शेवटच्या सहा मिनिटांत दमछाक कमी, घाबरगुंडी जास्त होती असं मला ईस्ट लोअर स्टँडच्या बाजूने बसून दिसलं, पायांना विश्रांती देता येते, घाबरण्याला पाच दिवसांत काय करणार.

परत गाड्याकडे येतो, नाहीतर म्हणाल रिव्ह्यू म्हणून बोलावलं आणि रडगाणं ऐकवलं.

तक्रारी आहेत. एक, वेळ. मॅचच्या रात्री ऑर्डर दिल्यापासून प्लेट हातात यायला आम्हाला पस्तीस मिनिटं लागली. एकटा माणूस, एक तवा, मदतीला फक्त एक पोरगा जो पैसे घेणं, कांदा चिरणं आणि प्लेटी विसळणं तिन्ही करतो. रांग नावाचा प्रकार नाही, जो मोठ्याने ओरडेल त्याचं ऑम्लेट आधी, आणि आम्ही सिंधुदुर्गातली सभ्य माणसं. दोन, कांदा इतका जाड चिरलेला की कोशिंबीर आहे की जनावराचा चारा ते कळेना. तीन, रस वाढ म्हटलं की दहा रुपये एक्स्ट्रा. सिंगल ७० ला, डबल ९० ला, हे ठीक आहे, पण पहिल्यांदाच दोन पळ्यांऐवजी तीन घातल्या तर वीस मिनिटांनी लोक परत हात पुढे करणार नाहीत ना. पाणी आपलं आपण आणावं. स्कॅन करून पैसे देता येतात, पण कोड रसाच्या टोपाला चिकटवलाय, वाफेने मोबाईलची काच धुरकट होते. शाकाहारी मंडळींनी सोबत येऊन फक्त चर्चेत भाग घ्यावा.

आणि चार नंबरची तक्रार सगळ्यात मोठी. आतेभावाने दुसरं ऑम्लेट सांगितलं, रस आला, ऑम्लेट आलं, आणि पोरगा म्हणाला पाव संपले. तव्यासमोर उभ्या असलेल्या शेवटच्या पाच-सहा जणांना कुणालाच पाव नाही. मेव्हणा म्हणाला गोव्याचंच आहे रे हे पण, नव्वद मिनिटं झकास आणि शेवटच्या सहा मिनिटांत सगळं संपलं. त्या रात्री पहिल्यांदाच सगळे हसले, काका पण हसला. मग पोरग्याला सायकलवर पिटाळला आणि कुठून तरी चार पोळ्या आणल्या, म्हणजे ती पोदेराची (गोव्यातल्या पाववाल्याची) कोंड्याची गोल पोळी, आपली चपाती नव्हे, आणि मी ठामपणे सांगतो की हा रस पावापेक्षा पोळीत जास्त चांगला लागतो कारण ती फुगलेली असते, पोटात भरपूर रस मावतो. तर जाल तेव्हा पोळी मागा. नाही म्हणाला तरी मागा.

निघताना साडेअकरा झाले होते. गाडी मी चालवणार म्हणून मी कोकम सोड्यावर, बाकी दोघांनी हुर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन आहे या सबबीवर जे काय करायचं ते गाड्यावर यायच्या आधीच उरकलं होतं. पणजी, म्हापसा, पेडणे, पत्रादेवी, बांदा, जवळजवळ नव्वद किलोमीटर, आणि बांदा येईपर्यंत कुणी बोललं नाही. बांद्याला आतेभाऊ म्हणाला, "सोमवार आसा रे." मला वाटलं मॅचचं बोलतोय. तर म्हणे सोमवारी आपल्याकडे अंडं चालत नाही, मग मॅच बघताना खायचं काय. हा खरोखर गंभीर प्रश्न आहे. बुधवारी अंडं खाल्लं आणि हरलो, तर सोमवारी न खाता जिंकू का, का बुधवारी ते मॅचनंतर खाल्लं म्हणून त्याचा हिशोब धरायचा नाही, यावर सावंतवाडीचा मोती तलाव दिसेपर्यंत चर्चा झाली. शेवटी साबुदाण्याची खिचडी ठरली.

चवीला पाच, सर्व्हिसला तीन, पावाच्या स्टॉकला दोन, संगतीला पाच. एकूण चार.

अपडेट, १ मे: लोक विचारतायत म्हणून लिहितो. सोमवारी खिचडी करून आतेभावाच्या घरी बसलो, हाफटाइमला ०-०, सेकंड हाफमध्ये दोन खाल्ले, आधी दियाझ आणि मग परत तोच छांगते. ०-२, एकूण २-५. खिचडी पण गिचका झाली होती.

आज महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि वार पण बुधवार, म्हणून काही कारण नसताना दोघे मडगावला गेलो. गाड्यावर चार-पाच माणसं, दोन खुर्च्या चक्क रिकाम्या, पाव भरपूर. पाच मिनिटांत प्लेट हातात, कांदा बारीक चिरलेला. रस तोच, मला वाटलं जरा जास्तच चांगला. वाढ म्हटलं तर दहा रुपये घेतलेच. काकाने पैसे मोजता मोजता विचारलं, शनिवारी फायनल ना, कोण कोण आहे? आतेभाऊ त्याच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला एक डबल अजून टाक, पोळीबरोबर.